कितवा आठवडा?

ताईच्या घरी त्या सकाळी लगबग होती. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या घराची मागची खोली रिकामी करून झाली होती. पलंगावर नवी गादी, खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात धुऊन वाळवलेल्या जुन्या सुती साड्यांची चळत. भाची हैदराबादहून येणार होती, पहिल्या बाळंतपणासाठी. जावई तिला तिकडे विमानात बसवून देणार आणि सव्वा-दीड तासात ती चिकलठाणा विमानतळावर उतरणार, असा बेत होता. तिला आणायला मी जायचं ठरलं होतं. मी चपला घालत होते आणि फोन वाजला.

“मावशी, मला विमानात घेत नाहीयेत.”

काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, “कितवा आठवडा?” जावयाने घरात सगळे म्हणतात तसंच सांगितलं, “आठवा महिना.” तिने पुन्हा आठवडा विचारला. भाचीने फाईल उघडून दाखवली. तेहेतीस आठवडे पूर्ण, वर दोन दिवस. डॉक्टरांची चिठ्ठी होती, पण बारा दिवसांपूर्वीची. कंपनीला ताजी हवी होती. डॉक्टरांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. विमान निघून गेलं आणि आमची सात महिन्यांहून पुढे गेलेली लेक बॅगेवर पाय ठेवून विमानतळाच्या खुर्चीत बसून राहिली.

दोन दिवसांनी नवी चिठ्ठी घेऊन ती सुखरूप आली. नुकसान झालं ते तिकिटाच्या पैशांचं आणि एका दिवसाच्या मनस्तापाचं. मला मात्र तो प्रश्न चिकटून राहिला. घरात तिच्या पोटाची, डोहाळ्यांची, डिंकाच्या लाडवांची इतकी चर्चा झाली, पण कितवा आठवडा हे तिच्याशिवाय आम्हां कोणालाच पाठ नव्हतं. तेव्हापासून मी विमान कंपन्यांचे नियम, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं आणि कायद्याची कलमं वाचत आले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत आले. त्यातून हाती लागलं ते माहेरी निघालेल्या प्रत्येक लेकीच्या घरी पोचावं, म्हणून हा लेख.

महिने आणि आठवडे

आपल्याकडे दिवस महिन्यांत मोजतात, आणि तेही ‘लागला’ या हिशेबाने. सहा महिने पूर्ण झाले की सातवा लागतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे, २८० दिवस. विमान कंपनीही डॉक्टरांचाच हिशेब धरते.

एक उदाहरण घेऊ. शेवटची पाळी १ जानेवारीला आली. लीप वर्ष नसेल तर बाळंतपणाची अपेक्षित तारीख निघते ८ ऑक्टोबर. घरच्या हिशेबाने १ जुलैला सातवा लागतो, १ ऑगस्टला आठवा, १ सप्टेंबरला नववा. आठवड्यांच्या हिशेबाने १६ जुलैला अठ्ठावीस पूर्ण होतात, १३ ऑगस्टला बत्तीस आणि १० सप्टेंबरला छत्तीस.

पोटात एकच बाळ असेल, तर बहुतेक विमान कंपन्या छत्तीस आठवड्यांनंतर प्रवास करू देत नाहीत. जुळी असतील तर ही मर्यादा साधारण बत्तिसाव्या आठवड्यावर येते. अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांच्या दरम्यान कुठेतरी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात होते. नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो.

आता आपली रीत या तारखांवर ठेवून बघा. सातव्यात डोहाळजेवण करायचं, ओटी भरायची आणि लेकीला माहेरी न्यायचं, ही आपली जुनी पद्धत. आठव्यात प्रवास नको, न्यायची तर सातव्यात नाहीतर नवव्यात, असं सांगणाऱ्या आज्या अजून घरोघरी आहेत. सातव्यात निघालं तर विमानाचं दार सताड उघडं असतं. पण सासरच्या कार्यक्रमामुळे, मुहूर्तामुळे किंवा नोकरीमुळे सातवा हुकला आणि ‘आता नववा लागल्यावरच नेऊ’ असं ठरलं, तर १ ते १० सप्टेंबर एवढाच वेळ उरतो. नऊ दिवस. त्यात एखाद्या दिवशी बीपी वाढलेलं निघालं, एखादं विमान रद्द झालं, तर मार्ग बंद.

नोकरी करणाऱ्या मुलीची गाठ आणखी घट्ट बसते. मातृत्व लाभ कायदा १९६१मध्ये आला. त्यात २०१७मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. चाळिसातून आठ गेले, बत्तीस उरले. म्हणजे ही रजा सुरू होते बत्तिसाव्या आठवड्याला आणि विमानाचं दार बंद होतं छत्तिसाव्याला. हाती राहतात चारच आठवडे, आणि त्यातले बहुतेक दिवस येतात नेमके आपण वर्ज्य मानलेल्या आठव्या महिन्यात. या महिन्याबद्दलची भीती मुदतीआधी जन्मलेलं मूल वाचवण्याची साधनं नव्हती त्या काळातली आहे. प्रवास करावा की नाही, हे आज तपासणीने ठरतं. महिन्याच्या नावावरून ते ठरवू नये.

बैलगाडी ते विमान

मराठवाड्याचं माहेर आणि सासर पूर्वीपासून लांबलांबचं. संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे हैदराबादशी नोकरीचे आणि सोयरिकीचे धागे इथल्या कितीतरी घरांत आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड-औरंगाबाद-हैदराबाद अशी मीटरगेज रेल्वे आली आणि पोटुशा लेकी बैलगाडीने स्टेशन गाठून गाडीत बसू लागल्या. पुढे एसटी आली. रात्रभर चालणारी अजिंठा एक्सप्रेस आणि देवगिरी आल्या. आता इथल्या मुली पुणे, बंगळुरू, हैदराबाद, दुबई, अमेरिका इथून येतात. डोहाळजेवणाचा हिरवा शालू बॅगेत घडी करून ठेवलेला असतो आणि बॅगेवर विमानाची चिठ्ठी लावलेली असते.

रस्ताही सुधारला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ला ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. मुंबईसाठी ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून वंदे भारत सुरू झाली. मुंबई किंवा नागपूरला जायचं असेल तर हे पर्याय वाईट नाहीत. पण तासन् तास एका जागी बसणं पायांना मोटारीत आणि रेल्वेतही विमानाइतकंच जाचतं, आणि रस्त्याने जाताना स्वच्छ शौचालय सापडेलच याची खात्री नसते. गर्भवतीला दर तासाला लघवीची भावना होते. म्हणून ती पाणी पिणंच टाळते. तिथून डोकेदुखी, लघवीच्या मार्गातला संसर्ग आणि पायांत गोळे येणं, अशा तक्रारी सुरू होतात.

विमानाच्या भीतीची या शहराकडे स्वतःची एक आठवण आहे. २६ एप्रिल १९९३. भर उन्हाळ्यात इथून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ पुरेसं वर उचललं गेलं नाही आणि धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण गेले. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्या पिढीने ‘पोरीला विमानाने नको’ म्हटलं तर त्यांना हसू नये. त्यांना शांतपणे एवढंच सांगावं की किलोमीटरमागे जिवाचा धोका मोजला, तर विमान आजही रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. आणि साडेपाचशे किलोमीटरच्या खडखडाटापेक्षा सव्वा-दीड तासाची खुर्ची सातव्या-आठव्या महिन्यातल्या कमरेला सोसवते.

वर गेल्यावर पोटात काय होतं?

विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असलं, तरी आतली हवा दाब देऊन राखलेली असते. तो दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेएवढा असतो, म्हणजे १८०० ते २४०० मीटर. आपलं शहर पावणेसहाशे मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास आणि राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे विमानात बसलेली बाई कळसूबाईच्या थोडी वर, सिमल्याच्या उंचीला जाऊन बसते. चढण न चढता.

या उंचीवर आईच्या रक्तातला प्राणवायू थोडा कमी होतो आणि हृदयाचे ठोके थोडे वाढतात. बाळाची सोय निसर्गाने आधीच केलेली असते. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्यांपेक्षा वेगळं असतं. ते कमी प्राणवायूतूनही आपला वाटा घट्ट ओढून घेतं. त्यामुळे आई निरोगी असेल तर वरच्या पातळ हवेने बाळाला त्रास होत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८मध्ये स्पष्ट केलं की गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात अधूनमधून केलेला विमानप्रवास सुरक्षित आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजचंही म्हणणं तेच. विमानात बसल्याने गर्भपात होतो किंवा दिवस भरण्याआधी कळा येतात, याला चांगला पुरावा मिळालेला नाही.

किरणोत्सर्गाची धास्तीही अनेकींना असते. आकाशातून येणारी किरणं उंचीवर थोडी जास्त लागतात, हे खरं. गर्भासाठी संपूर्ण गरोदरपणात एक मिलिसिव्हर्ट ही मर्यादा धरली जाते आणि सर्वांत लांबच्या खंडांतर प्रवासातही तिच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त मात्रा लागत नाही. मुंबई किंवा हैदराबादच्या तासाभराच्या प्रवासात ती नगण्य असते. सतत उडणाऱ्या हवाई कर्मचारी स्त्रियांसाठी आणि वरचेवर कामानिमित्त प्रवास करणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. त्यांनी तो डॉक्टरांशी बोलून मांडावा. सुरक्षा तपासणीची कमान आणि हातातलं यंत्र यांत क्ष-किरण नसतात, चुंबकीय क्षेत्र असतं. क्ष-किरणांतून जाते ती बॅग.

खरी काळजी घ्यायची ती पायांची. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. बाळंतपणात रक्तस्राव फार होऊ नये म्हणून शरीराने केलेली ही तयारी. त्यामुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या चार-पाच पट असतो. चार तासांहून लांबचा प्रवास, एकाच जागी बसणं आणि पाणी कमी पिणं, यांनी तो आणखी वाढतो. मुंबईहून अमेरिकेला जाणारीने हे लक्षात ठेवलंच पाहिजे. पोटरीपर्यंत घट्ट बसणारे, डॉक्टरांनी मापाने सांगितलेले पायमोजे, दर तासाला एक फेरी, बसल्या जागी घोटे गोल फिरवणं आणि घोट घोट पाणी, एवढ्याने बराच धोका टळतो. ज्यांना आधी गुठळी झाली आहे किंवा वजन फार आहे, त्यांना डॉक्टर कधी रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात. ते स्वतःच्या मनाने घ्यायचं नसतं.

कोणी थांबावं?

सुरक्षित हा शब्द निरोगी गरोदरपणासाठी आहे. अंगावर रक्त जात असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जात असतील, आधी मुदतीपूर्वी बाळंतपण झालेलं असेल, पाणी झिरपत असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांचा शब्द हवा. त्यांनी नाही म्हटलं तर ते नाहीच. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत निघायचं असेल, तर गर्भ गर्भाशयातच आहे, नळीत नाही, एवढं सोनोग्राफीत पाहून घ्यावं.

आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते अशक्तपणाकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. दोघींतली एक. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असणं हे विमानप्रवास टाळण्याचं कारण मानलं आहे. वर प्राणवायू कमी आणि तो वाहून नेणारं रक्तही कमी, अशी दुहेरी ओढ शरीराला सोसत नाही. सिकलसेलचा त्रास असलेल्या मुलींनीही आधी विचारावं. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार ठाऊक आहे, पण लग्न होऊन दुसरीकडे गेलेल्या मुलीच्या फाईलवर तो कित्येकदा लिहिलेला नसतो. सर्दीने कान आणि कपाळ गच्च झालेलं असतानाही उडू नये. उतरताना कानात कळ येते.

सगळं ठीक असेल तर प्रवासाला सर्वांत सुखाचा काळ चौदा ते अठ्ठावीस आठवड्यांचा. ओकाऱ्या थांबलेल्या असतात, पोट अजून जड झालेलं नसतं आणि चिठ्ठीही बहुधा लागत नाही. म्हणजे सातवा लागताच माहेरी नेण्याची रीत शरीरालाही मानवणारी होती.

चिठ्ठीत काय हवं?

डॉक्टर एका ओळीत ‘प्रवासास योग्य’ असं लिहून देतात आणि काउंटरवर ते पुरत नाही. चिठ्ठीवर आठवडे आणि दिवस, बाळंतपणाची अपेक्षित तारीख, एकच बाळ आहे की जुळी, गुंतागुंत नाही हे वाक्य, प्रवासाची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. काही कंपन्यांचा स्वतःचा नमुना असतो. चिठ्ठी किती दिवस चालते तेही प्रत्येकीचं वेगळं. काहींना अगदी दोन-तीन दिवसांतली लागते. तिकीट काढतानाच कंपनीच्या नियमांत हे वाचावं आणि तपासणीची वेळ त्याप्रमाणे घ्यावी. आमच्या भाचीचं विमान हुकलं ते इथेच. परतीचं तिकीट असेल तर आठवडे परतीच्या तारखेला मोजायचे, जाण्याच्या नाही. दुबईला बहिणीकडे महिनाभर राहून येऊ म्हणणाऱ्या मुली इथे अडकतात.

फाईल हातातल्या पिशवीत ठेवावी. रक्तगट, शेवटची सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि साखरेचे आकडे, चालू गोळ्या, लसीकरणाचं कार्ड, सगळं एकत्र. तेहेतिसाव्या आठवड्यात मुलगी गाव बदलते तेव्हा डॉक्टरही बदलतात. नव्या डॉक्टरांच्या हातात फाईल नसेल, तर आठ महिन्यांची तपासणी वाया जाते. म्हणून निघण्याआधीच माहेरच्या दवाखान्यात नाव नोंदवावं. गुंतागुंत झाली तर कुठे जायचं हेही ठरवून ठेवावं. संभाजीनगरात त्याचं उत्तर अनेकांच्या तोंडी एकच असतं, ‘घाटी’. १९५६ पासूनचं हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मराठवाड्यातल्या अवघड बाळंतपणांचा मोठा आधार आहे.

खुर्चीपर्यंत

चिकलठाणा विमानतळ शहराला खेटून, जालना रोडवर. सिडकोतून पंधरा-वीस मिनिटं. इमारत लहान, फार चालावं लागत नाही. दमवतात त्या रांगा आणि पायऱ्या. हैदराबादच्या मार्गावर अनेकदा एटीआर ७२ हे पंख्याचं विमान असतं. त्यात मागच्या दाराने, अरुंद पायऱ्यांवरून चढावं लागतं. पोट पुढे आलेल्या बाईला स्वतःची पावलं दिसत नाहीत. तिने एका हाताने कठडा धरावा, दुसऱ्या हातात काही घेऊ नये आणि मागच्या माणसाने घाई करू नये. चाकाची खुर्ची हवी असेल तर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवावं. ती मागण्यात लाज काहीच नाही. मुंबईला टर्मिनल बदलून परदेशी विमान पकडायचं असेल, तर ती मागावीच, आणि दोन विमानांत भरपूर वेळ ठेवावा.

जागा पॅसेजच्या कडेची घ्यावी. उठबस सोपी होते. आपत्कालीन दाराजवळची जागा गर्भवतीला देत नाहीत. पट्टा पोटावरून बांधू नये. पोटाच्या खाली, मांड्यांच्या मुळाशी, ओटीच्या हाडांवर तो टेकला पाहिजे. पट्ट्याच्या खुणेचा दिवा विझला तरी तो सोडू नये, कारण हवेचा धक्का सांगून येत नाही. कमरेच्या खळग्यात घडी केलेली शाल ठेवली की पाठीचं दुखणं निम्मं होतं. चपला सैल असाव्यात. वर गेल्यावर पाय थोडे सुजतात आणि काढलेला बूट परत चढत नाही.

उंचीवर पोटातला वायू फुगतो. म्हणून आदल्या रात्री छोले, वाटाणा, कोबी नको आणि विमानात सोडा नको. घरचा दहीभात, राजगिऱ्याचा लाडू, केळं, थोडे खारे दाणे बरे. मळमळीला आलेपाक किंवा आवळा सुपारी चालते. रिकामी बाटली तपासणीनंतर भरून घ्यावी. आतली हवा फार कोरडी असते आणि तहान लागेपर्यंत थांबायचं नसतं.

आकाशातले जन्म

विमानात बाळ जन्मल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. १८ जून २०१७ला दम्मामहून कोचीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात एका बाईला मुलगा झाला. प्रवाशांतली एक परिचारिका धावून आली, विमान मुंबईला वळवलं गेलं आणि कंपनीने त्या मुलाला जन्मभर फुकट प्रवास जाहीर केला. ७ ऑक्टोबर २०२०ला दिल्ली-बंगळुरू विमानात मुलगा झाला, १७ मार्च २०२१ला बंगळुरू-जयपूर विमानात मुलगी झाली. दोन्ही वेळा प्रवाशांत डॉक्टर निघाल्या. २४ जुलै २०२५ला मस्कतहून मुंबईला येणाऱ्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानात थायलंडच्या एका बाईची सुटका झाली. तिथेही मदतीला परिचारिका होती.

या चारही बातम्यांत एक गोष्ट सारखी आहे. मदतीला येणारं माणूस योगायोगाने त्याच विमानात बसलेलं होतं. कर्मचाऱ्यांना प्रसूतीचं प्राथमिक शिक्षण असतं आणि ते जिवापाड धडपडतात. पण वर रक्ताची पिशवी नसते, शस्त्रक्रियेची सोय नसते, कमी दिवसांच्या बाळाला ठेवायची काचपेटी नसते. जवळचा विमानतळ गाठायलाही वेळ जातो. छत्तीस आठवड्यांची रेघ कोणाला अडवायला आखलेली नाही. त्या अनोळखी डॉक्टरीणबाई प्रत्येक विमानात नसतात, म्हणून ती आहे.

असं बाळ कोणत्या देशाचं, हाही कुतूहलाचा प्रश्न. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार विमान ज्या देशात नोंदलेलं, तिथे जन्म झाला असं धरतात. पण भारतात नुसत्या जन्माने आता नागरिकत्व मिळत नाही, आईवडिलांचं नागरिकत्व पाहिलं जातं. तेव्हा कोणी त्या आशेने उडू नये.

निर्णय तिचा

विमान आणि गरोदरपण यांचा एक जुना खटला आजच्या मुलींना फारसा माहीत नाही. त्या काळी मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियात नियम होता की हवाई सुंदरीला पहिले दिवस गेले की तिची नोकरी संपली. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी त्याविरुद्ध लढल्या आणि १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी आणि घटनाबाह्य ठरवून रद्द केला. मातृत्व हे बाईला अपात्र ठरवण्याचं कारण होऊ शकत नाही आणि तसं करणं हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे, असा त्या निकालाचा आशय होता. कोर्टाने आणखी काही अटी मात्र कायम ठेवल्या. म्हणजे लढाई तिथे संपली नव्हती.

त्या निकालाने दिलेला धडा आपल्या घरांतही लागू आहे. माहेरी कधी जायचं, कशाने जायचं, बाळंतपण कुठे करायचं, हे सासरचे आणि माहेरचे मिळून ठरवतात. मुहूर्त गुरुजी ठरवतात, तिकीट जावई काढतो. जिचं पोट आहे तिला विचारणारं माणूस शेवटी येतं. माझ्या भाचीला आपला आठवडा पाठ होता. तिला तो विचारला काउंटरवरच्या एका अनोळखी मुलीने. आम्ही आठ जण घरात होतो आणि आम्ही विचारलं नव्हतं.

विमान कंपन्यांकडे आणि विमानतळांकडेही मागणं आहे. तिकिटाच्या पानावर वय आणि जेवण विचारता, तसा बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेचा रकाना ठेवा. तारीख भरली की कोणत्या दिवसानंतर चिठ्ठी लागेल आणि ती किती ताजी हवी, हे तिथेच मराठीत दिसू द्या. रांगेत गर्भवतीला पुढे घ्या. परत पाठवायची वेळ आलीच, तर तिला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्या आणि दुसऱ्या दिवसाचं तिकीट जादा पैसे न घेता बदलून द्या. यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही.

आणि आपल्यासाठी एक छोटंसं काम. दरवर्षी घरोघरी भिंतीवर नवं कालनिर्णय लागतं. घरात पाळणा हलणार असेल, तर डॉक्टरांना विचारून त्यावर तीन तारखांना लाल गोल करा. अठ्ठावीस आठवडे पूर्ण, बत्तीस पूर्ण, छत्तीस पूर्ण. तारखा तिच्या हाताने लिहून घ्या. डोहाळजेवणाचा मुहूर्त, रजेचा अर्ज आणि विमानाचं तिकीट, तिन्ही गोष्टी त्या गोलांकडे बघून ठरवा.